आहाराचा रकाना

उत्तम,

तुझ्या पेटीत माझ्या नावाचा एक कागद निघाला. त्यावर एक नोंद खोटी आहे. अक्षर तुझं आहे, खोटं माझं आहे.

पुसेगावात तू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दुपारी शिल्पावहिनींनी ती पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. "भावोजी, यात तुमच्या मराठी पुस्तकाच्या फायली आहेत. हे सांगत होते, बाकी सगळं संस्थेला द्या, एवढं मात्र नारायणला." फायलींच्या तळाशी खाकी पाकीट होतं. पाकिटात दोऱ्यानं बांधलेली केसांची एक बट आणि चौघडी केलेला कागद. केस काळेभोर होते. माझे कधी काळी एवढे काळे होते हे मला खरंच आठवत नव्हतं.

तुझ्या किनाऱ्यावरचे सहकारी तुझ्यावर लिहितील. मुशींचे, तुझ्या त्या शार्कांचे, मणके, कुपा माशांचं मांस, तू कोणत्या बंदरावर कोणत्या बोटीची वाट पाहत उभा राहायचास, हे ते माझ्यापेक्षा नीट सांगतील. मला त्यातलं फारसं माहीत नाही. मी सेनगावच्या कॉलेजात पुस्तकं देतो आणि परत घेतो. मला माहीत आहे ते या कागदाबद्दल. तो दुरुस्त केल्याशिवाय तुझ्याबद्दल दुसरं काही लिहिणं मला जमणार नाही.

तू असतास तर म्हणाला असतास, "नाऱ्या, लई लांबून येऊन राहिला तू. मुद्द्यावर ये."

येतो. पण सावकाश. तुला माहीत आहे माझं.

आपण सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. तुझं घर वस्तीत, माझं मारुतीच्या पाराकडे. तुमच्या घरात तू आणि तुझी आई गयामाय, दोघंच. आमच्या घरात माणसं, गुरं, रेडिओ, आणि वडिलांच्या गळ्यातली तुळशीची माळ. वाचायला बसलं की कोणीतरी हाक मारायचं. तुझ्या वस्तीतल्या विहारात पुस्तकांची दोन कपाटं होती आणि एक ट्यूबलाइट होती. तिथं हाक मारायला कोणी येत नसे. मी ग्रंथपाल झालो तो त्या दोन कपाटांमुळे, हे मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं नाही. तिथं मी दुसरंच काहीतरी सांगितलं.

तू माशांचं शास्त्र शिकायला समुद्राकडे गेलास तेव्हा सगळ्यांनी तुझी थट्टा केली होती. हिंगोलीहून समुद्र कोणत्या दिशेला आहे हेही आपल्याला धड सांगता आलं नसतं. "कयाधूत गुडघाभर पानी न्हाई आन् हे पोरगं समुद्रावर चाललं," असं तुझा मामा म्हणाला होता. तू गेलास, आणि मी मागे राहून ग्रंथालयशास्त्राची परीक्षा देत बसलो. संध्याकाळी विहारात वाचायचो. अंधार पडायच्या आधी गयामाय दारातून हाक द्यायची, "नारायणा, पत्र आलंय रे!" पत्र आलेलं नसलं तरी हाक तीच असायची. मग कळायचं, की जुनंच पत्र पुन्हा ऐकायचं आहे.

ती मला रिकाम्या पोटी वाचू देत नसे. आधी ताट. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, आणि चुलीतल्या आरावर भाजलेला सुका बोंबील, वर ठेचा. सुरुवातीला मी म्हणालो, "गयामाय, आमच्यात चालत न्हाई." ती म्हणाली, "मंग बाजूला सार. ताटात न्हाई ठिवलं तर उत्तमला काय सांगू?" चार दिवस मी बाजूला सारला. पाचव्या दिवशी खाल्ला. पुढं वर्षभर खाल्ला, आठवड्यातून चार-पाच दिवस. बाजाराच्या दिवशी ती मुद्दाम जास्त घ्यायची.

तुझं एक पत्र मला जवळजवळ पाठ आहे. जिवंत बोंबील पहिल्यांदा पाहिलास त्या दिवशीचं. तू लिहिलं होतंस, की आपल्या बाजारात लाकडासारखा येतो तो हा प्राणी इथं पाण्यासारखा मऊ असतो, हातातून ओघळतो, आणि त्याच्या तोंडात दातच दात असतात. तो मोठा शिकारी आहे. जवळा खातो, लहान मासे खातो, कधी आपलीच पिल्लं खातो.

मी ते वाचलं तेव्हा गयामाय चुलीपुढे होती. तिनं बोंबील उलटला.

"सोताची लेकरं खातो?"

"व्हय."

"मंग याला नीट भाजायलाच पायजे."

मी हसून हसून ठसकलो. पुढं पत्र कसंबसं पूर्ण केलं.

आता पहिली गोष्ट कबूल करतो. तुला उत्तर ती सांगायची आणि मी लिहायचो. दर पत्राच्या शेवटी ती एक वाक्य सांगायची: "लिव, नारायण आपल्याकडंच जेवतो, तुझं ताट रिकामं न्हाई." हे वाक्य मी एकदाही लिहिलं नाही. लिहिल्यासारखा पेन हलवायचो. ते पत्र तुझ्या खोलीत पडून राहील, कोणी गाववाला भेटायला आला तर वाचेल, गोष्ट आमच्या घरापर्यंत येईल, अशी भीती होती. आज सांगताना ती भीती हास्यास्पद वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तिला अक्षर येत नव्हतं आणि ती माझ्या हाताकडे पाहत बसायची. पेन थांबला की विचारायची, "लिवलं?" मी म्हणायचो, "लिवलं."

त्याच वर्षी तुझ्या केसांची गंमत झाली. संस्थेत नव्या विद्यार्थ्यांना यंत्र शिकवताना त्यांचेच केस घेतले. तू मला चार पानांचं पत्र लिहिलंस. खाल्लेल्या अन्नातल्या कार्बनमध्ये काही अणू थोडे जड असतात, नायट्रोजनमध्येही असतात, आणि त्यांचं प्रमाण खाणाऱ्याच्या अंगात उतरतं. कार्बनवरून अन्न कुठलं ते कळतं. नायट्रोजनवरून खाणारा शिकारीच्या उतरंडीत कोणत्या पायरीवर आहे ते कळतं, कारण दर पायरीला जड नायट्रोजन वाढत जातो. एवढं मला तेव्हाच समजलं, कारण तू मुशी आणि जवळ्याची चित्रं काढून पाठवली होतीस. मुशी तुझ्या मामासारखी दिसत होती.

तुझ्या केसांतला कार्बन पाहून सरांनी तुला पटकन किनाऱ्यावरच्या मुलांत टाकलं. म्हणाले, घरी मासळी बरीच असते वाटतं. तू म्हणालास, सर, मी समुद्र पहिल्यांदा पाहिला त्याला दोनच महिने झाले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं. ज्वारी. गहू, तांदूळ, तूर यांच्यापेक्षा ज्वारीत जड कार्बन जास्त असतो, जवळजवळ समुद्राच्या अन्नाइतका. नायट्रोजन किनाऱ्यावरच्या मुलांएवढा निघाला नाही तेव्हा उलगडलं, की हा पोरगा कोळ्यांचा नाही, भाकरीचा आहे. तू लिहिलंस, "नाऱ्या, आपल्या ज्वारीनं समुद्राचं सोंग घेतलं अन् शिकलेली माणसं फसली!" मी ते गयामायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सोंग कशाचं? ज्वारी ज्वारीच हाय. त्याह्यला वळखता आली न्हाई."

तुला यावर एक छोटा लेख लिहायचा होता. ज्वारी आणि थोडी मासळी एकत्र खाणारा माणूस तू होतास. तुला हवा होता ज्वारी खाणारा आणि मासा कधीच न खाणारा माणूस. दोघं एकाच गावचे, एकाच मातीतलं धान्य खाणारे. एवढा नेमका माणूस कुठं मिळणार? तू दिवाळीत आलास आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कात्री, दोरा, पाकीट घेऊन आमच्या अंगणात उभा राहिलास.

आई ओट्यावर तूर निवडत होती. तू माझ्या मानेवरची बट कवटीजवळून कापलीस आणि मुळाच्या बाजूला दोरा बांधलास. केस महिन्याला बोटाच्या एका पेराहूनही कमी वाढतो, म्हणून दोऱ्याकडचा भाग अलीकडच्या जेवणाचा आणि टोकाकडचा जुन्याचा, असं काहीतरी मला सांगत होतास. आई हात थांबवून बघत होती.

"काहून रे बाबा, केस काहून कापून राहिला? केस कुनाच्या हाती देऊ नयेत."

"करणी न्हाई काकू. मशिनीत जाळायचेत."

"जाळायचेच हायेत तर आमच्या चुलीत जाळ. तेवढ्यासाठी समुद्रावर न्यायचे?"

तू हसलास. पॅडवर कागद लावून लिहायला लागलास. नाव. वय. गाव. मग तू मोठ्यानं वाचलंस, "आहार?"

माझ्याआधी आईच बोलली. "लिही, माळकरी घर हाय. अंडंबी शिवत न्हाई कोनी." मग तिची नजर माझ्यावर आली. गावातून काही कानावर आलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. "का रे? तिकडं वाचायला जातो रोज. जेवत तर न्हाईस ना तिथं?"

तुझा पेन थांबला होता. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, कागदाकडे पाहत राहिलास. तू दोन दिवसांपासून घरी होतास. गयामायनं तुला पहिल्याच ताटाला सांगितलं असणार, नारायण रोज जेवतो, तुला लिवलं व्हतं की पत्रात. म्हणजे मी जेवतो हे तुला ठाऊक होतं, आणि मी ते वाक्य गाळत होतो हेही ठाऊक होतं. मी आता हे सगळं जुळवतो. तेव्हा मला एवढंच दिसलं, की पेन थांबला आहे.

मी म्हणालो, "न्हाई. तिथं काहून जेवीन?"

तू लिहिलंस: शाकाहारी.

कागदाची घडी घातलीस, पाकिटात ठेवलीस, आईला म्हणालास, "येतो काकू." आईनं तुला चहा विचारला. आमच्याकडे तुझ्यासाठी एक वेगळा कप होता, कोनाड्यात, सगळ्या कपांपासून दूर. तू म्हणालास, "नको, माय वाट बघून राहिली." तो कप मी रोज पाहत होतो. त्याचं वेगळेपण मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं, आणि दिसूनही मी तो कोनाड्यातच राहू दिला.

महिन्याभरानं तुझं पत्र आलं. इतर बातम्यांत एक ओळ होती: "तुझा नमुना वाया गेला रे. ओल लागली. असू दे." मला हायसं वाटलं. लपवत नाही, हायसं वाटलं हे खरं आहे. तुझा लेख छापून आला तेव्हा त्यात ज्वारी खाणारा माणूस एकच होता, तू. तुलना करायला दुसरा नव्हता. सरांनी लेख अर्धवट आहे असं म्हटल्याचं तू कधीतरी बोलून गेलास. पुढे तू माणसांचे केस सोडून पुरता मुशींकडे वळलास, आणि मी समजलो, की त्या लेखाचं तुला काही वाटत नाही.

आता दुसरी बाजू वाचली. त्या कागदाच्या पाठीवर तुझं बारीक अक्षर आहे:

"यंत्रात दिला. नायट्रोजन नोंदीशी जुळत नाही. दोनदा तपासला. निकाल बरोबर आहे. लेखातून वगळला. ना.ला विचारायचं नाही."

शेवटच्या वाक्याखाली तू रेघ मारली आहेस.

म्हणजे ओल लागली नव्हती. नुसता कार्बन पाहिला असतास तर ज्वारीनं मला झाकून घेतलं असतं. भाकरीच्या आड बोंबील दिसलाच नसता. नायट्रोजननं सांगितलं. सात समुद्र सोड, एकही समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या केसांत समुद्रातल्या शिकाऱ्याचा अंश उतरला होता, आणि तो तू तुझ्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिलास. शेणखतानंही धान्यातला जड नायट्रोजन वाढतो, असं तूच मला नंतर समजावलं होतंस. तेच कारण दाखवून तू माझा आकडा लेखात घालू शकला असतास. नोंद बदलून 'मिश्राहारी' लिहू शकला असतास. दुसऱ्या दिवशीच्या टपालानं मला एक खरमरीत पत्र तर नक्कीच पाठवू शकला असतास. तू लेख अर्धवट ठेवलास आणि मला सांभाळलंस.

मला तुझ्या या चांगुलपणाचा रागही येतो, उत्तम. एकदा तरी विचारायचं होतंस. विचारलं असतंस तर मी पुन्हा खोटं बोललो असतो, असं तुला वाटलं का? बहुतेक तुझं बरोबर होतं. म्हणूनच राग येतो.

आणि आपलं ते भांडण. मराठीत मुशींवरचं पुस्तक करायचं म्हणून गेली कित्येक वर्षं तू प्रकरणं पाठवायचास, मी भाषा बघायचो. तिसऱ्या प्रकरणात तू लिहिलंस, "शरीर खोटं बोलत नाही." मी ते काढलं. म्हटलं, मोठं वाक्य आहे, भाषणात शोभतं. तू परत घातलंस. मी परत काढलं. फोनवर किती वेळा झालं हे!

"शरीर बोलतच न्हाई उत्त्या. बोलतो आपण."

"बरं. मग मुशीच्या मणक्यात कोण बोलतं?"

"तिथं फक्त काय खाल्लं ते आहे. तिनं शिकार केली की जाळ्यातून फेकलेलं उचललं, हे तुझं यंत्र सांगतं का?"

"न्हाई सांगत."

"भूक होती की भीती होती, ते?"

"न्हाई बाबा."

"मग हे चरित्र न्हाई. ही सामानाची यादी आहे."

"यादी खरी असली म्हणजे झालं," तू म्हणायचास, आणि हसायचास. त्या हसण्यात मला कधी काही दिसलं नाही. आज त्या तिसऱ्या प्रकरणाचा खर्डा पुढे आहे. वाक्य जागेवर आहे. तू मला काही सुचवत होतास, की तुला ते वाक्य नुसतंच आवडत होतं? ठरवायला आता कोणी नाही. मी ते राहू देणार आहे. माझा मुद्दाही मी सोडलेला नाही. यंत्रानं माझं ताट ओळखलं. अंगणात माझी जीभ का वळली, ते त्याला कळलं नाही. ते तुला कळलं होतं.

खर्ड्यांवर मी पांढऱ्या शाईनं चुका बुजवायचो, त्यावरूनही तू चिडायचास. "बुजवू नको रे! आमच्यात नोंद चुकली तर एक आडवी रेघ मारतात. खालचं वाचता आलं पायजे. वर खरं लिहायचं, बाजूला सही करायची. चूक दिसली न्हाई तर दुरुस्ती कशाची झाली ते कसं कळणार?" मला हे कारकुनी वाटायचं.

पुसेगावच्या शाळेत तुझा सत्कार झाला तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं, मुशीचं पोट फाडून सरळ बघायचं सोडून एवढा उपद्व्याप कशाला? तू खूश झालास. म्हणालास, "पोटात कालचं जेवण असतं. मांसात काही महिन्यांचं. मणक्यात जन्मापासूनचं." मग तिला वसमतच्या बाजारातल्या हळदीचं सांगितलंस, की जुना व्यापारी कांडं मोडून ती कुठल्या मातीतली ते सांगतो, तसंच हे. मी मागच्या रांगेत होतो. जन्मापासूनचं, हा शब्द ऐकून मी उगाच मानेवरून हात फिरवला.

शेवटचे तीन महिने तू इथं आलास, मायजवळ. औषधांनी डोक्यावर एक केस राहिला नव्हता. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तू म्हणालास, "घाबरू नको. नमुने संपले, एवढंच." वहिनी खोलीबाहेर गेल्या. मी तुला तिसरं प्रकरण वाचून दाखवत राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं.

एका दुपारी तुला बोंबील खावासा वाटला. गयामायनं भाजला. घरभर तो वास. तुझ्यानं एक घासही गिळवला नाही. तू ताट माझ्याकडे सरकवलंस. "तू खा." मी खाल्लं. तू उशीला टेकून बघत होतास, आणि हळूच म्हणालास, "घरी सांगून आलास का?"

मी हसलो. नुसता हसलो! माझ्याकडे तेव्हा अख्खी दुपार होती. तू पुन्हा विचारलं नाहीस. डोळे मिटलेस आणि म्हणालास, "काटा बघून खा." आपलं त्यावर शेवटचं बोलणं तेवढंच.

पेटी घेऊन मी घरी आलो. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं. मी तिच्या जवळ बसून सांगितलं, की मी वर्षभर गयामायच्या घरी जेवत होतो, बोंबीलही खात होतो, आणि त्या सकाळी खोटं बोललो. मला वाटलं, ती गळ्यातल्या माळेला हात लावेल. तिनं लावलाही. मग म्हणाली,

"त्या लेकराच्या म्होरं न्हाई म्हनलास?"

"व्हय."

"त्याच्या मायनं वाढलेलं?"

"व्हय."

"मी इचारलं ते माझं चुकलंच आसंल. पर तू तर शिकलेला व्हतास."

मग तिनं विचारलं, "गयाबाईला ठाव हाय का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मंग हितं काय बसला?"

मी वस्तीत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गयामाय दारात बसली होती. वहिनी आत तुझे कपडे लावत होत्या. मी कागद काढला आणि सगळं सांगितलं. पत्रांतलं गाळलेलं वाक्य, अंगण, पेन, 'तिथं काहून जेवीन'. ती ऐकत होती. मला वाटत होतं, 'लिवलं?' म्हणून विचारणारी ती नजर आता वर येईल आणि मला ती सोसणार नाही.

ती म्हणाली, "मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"सगळं. उत्तमनं सांगितलं व्हतं तवाच. मी लई चिडले. म्हनलं, उद्यापास्नं त्याला पानीबी न्हाई देनार. तर म्हनला, माय, नाऱ्या भितो गं. तू वाढत ऱ्हाय."

उत्तम, तू परत गेल्यावर मी पुन्हा सहा-सात महिने तिथं जेवलो होतो. भाकरी तशीच गरम होती. ठेचा तसाच. मी तिला पत्र लिहून देत होतो, ती तेच वाक्य सांगत होती, मी तसाच पेन हलवत होतो आणि ती तशीच विचारत होती, लिवलं? दोघांपैकी एकालाच वाटत होतं, की दुसऱ्याला काही माहीत नाही.

ती उठली. "भाकरी हाय. वरन हाय. बोंबील न्हाई, त्यो गेल्यापास्नं बाजारच केला न्हाई." मी जेवलो. तुझ्याच जागी बसलो होतो, ते उठताना लक्षात आलं.

हात धुऊन मी कागद मांडीवर घेतला. 'शाकाहारी'वर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं. बाजूला सही केली.

"काय लिवलं?" गयामायनं विचारलं. "वाच."

मी वाचलं, "ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, बोंबील. नारायण आपल्याकडंच जेवतो. उत्तमचं ताट रिकामं न्हाई."

या वेळी काही गाळलं नाही.